साग, ऐन, शिवण आणि फणस: माझ्या बेस गिटारचं लाकूड

कोकणात वाद्य बाळगायचं तर वर्षाचे दोन हिशेब ठेवावे लागतात, पावसाळ्याचे चार महिने वेगळे आणि उरलेले आठ वेगळे. माझा आधीचा बेस कारखान्यात बनलेला, मेपल या परदेशी लाकडाच्या नेकचा (नेक म्हणजे तारा ज्यावरून जातात तो लांब दांडा). मे महिन्यात छान वाजायचा. जुलै उजाडला की नेकचा बाक बदलायचा, तारा फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खरखरायच्या आणि मी ट्रस रॉडची, म्हणजे नेकच्या आतल्या बाक काढणाऱ्या सळईची, चावी घेऊन बसायचे. ऑक्टोबरचं ऊन पडलं की तेच सगळं उलट दिशेने. हेही चालवून घेतलं असतं, पण शेवटी नेकला पीळ पडला. बाक ट्रस रॉडने काढता येतो, पीळ नाही. आमच्या ऑर्केस्ट्राचे बरेचसे कार्यक्रम गणपतीत असतात, म्हणजे हवा सर्वांत दमट असते तेव्हाच. म्हणून ठरवलं, नवा बेस इथेच करून घ्यायचा आणि लाकूडही इथलंच वापरायचं.

वेंगुर्ल्याजवळ एक तरुण कारागीर गिटार बांधतो. त्याच्याकडे गेले तेव्हा माझ्या डोक्यात बॉडीचा आकार होता, रंग होता, पिकअप कुठले हवेत तेही ठरलेलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, हे सगळं होईल. पण आधी नेकचं लाकूड मिळू दे. ते मिळालं की बाकीचं सोपं आहे.” पुढच्या कामात हे वाक्य किती खरं आहे ते पावलोपावली पटत गेलं.

बेसच्या चार तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण सुमारे ऐंशी किलोच्या घरात जातो. ३४ इंची स्केलचा (वाजणाऱ्या तारेची लांबी तेवढी) लांबलचक नेक रात्रंदिवस तो ताण सोसत असतो. बॉडी त्या मानाने निवांत असते. शिवाय सॉलिड, म्हणजे पोकळ नसलेल्या, बॉडीच्या विजेवरच्या वाद्यात पिकअप तारेचं कंपन टिपतो, लाकडाचं नाही. बॉडीच्या लाकडाने आवाज आमूलाग्र बदलतो असं सांगणारे खूप भेटतात. माझं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. बॉडीमुळे वजन, तोल आणि अंगाला जाणवणारी थरथर बदलते, आवाजात पडणारा फरक त्यामानाने थोडा. नेक मात्र किती ताठ आहे आणि कुठल्या स्वराला स्वतःच थरथरतो, यावर तारेचा नाद किती वेळ टिकेल ते ठरतं. बऱ्याच बेसवर जीच्या (सर्वांत बारीक) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर चटकन विरतो. तिथे तारेची शक्ती नेक खाऊन टाकतो.

लाकडांबद्दल एक ऐतिहासिक गोष्टही मला महत्त्वाची वाटते. अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला तेव्हा बॉडी ॲशची होती आणि नेक मेपलचा. पुढे ॲशच्या जोडीने आल्डर आलं. ही तिकडे मुबलक मिळणारी, यंत्रावर चांगली कापली जाणारी लाकडं होती. पुढे जगभर तीच बेसची ‘खरी’ लाकडं ठरली. आपल्याकडे वाद्यं करणाऱ्यांनीही जवळ मिळणाऱ्या लाकडापासूनच सुरुवात केली. मिरजेचे तंबोरे आणि सतारी तून आणि सागाच्या लाकडात होतात, पखवाजाला खैर, शिसवी, बिवळा चालतो. मग बेससाठी मेपलच का मागवायचं?

तरी मेपलचा विचार आम्ही केला. आयात केलेल्या फळ्या मुंबईत मिळतात. अडचण पाण्याची आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातलं पाणी साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं, ८५ टक्के असेल तर १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतं. तिकडच्या कारखान्यांत नेकचं लाकूड ६ ते ८ टक्क्यांपर्यंत वाळवलेलं असतं. ते आमच्या किनाऱ्यावर आलं की पाणी पिऊन रुंद होतं, पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं तसं. दार तासून भागतं, नेकचं तसं नाही.

कुठलं लाकूड किती हलतं याचे आकडे उपलब्ध आहेत. हिरवं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत गाभ्याकडून सालीच्या दिशेने एक आकसणं असतं आणि खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेने दुसरं. दुसरं पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतं. हार्ड मेपल पहिल्या दिशेत सुमारे पाच टक्के आकसतं, दुसऱ्या दिशेत जवळपास दहा. साग अनुक्रमे अडीच आणि पाचच्या आसपास. म्हणजे निम्मं! आणि ताठपणात साग मेपलच्या अगदी जवळ आहे, वजनाला किंचित हलकाच. हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिल्यावर नेकसाठी माझा निर्णय तिथेच झाला.

आता कुठला साग? वखारीतला नवा साग बहुतेक लागवडीचा, लवकर वाढवलेला, वर्तुळं लांब लांब असलेला आणि अर्धवट सुकलेला मिळतो. लाकूड मोकळ्या हवेत वाळवायचं तर एक इंच जाडीला एक वर्ष असा ढोबळ हिशेब धरतात, आणि कोकणात त्यातले चार महिने फुकट जातात. हिरवा साग तोडून आणावा तर त्याला परवानगी हवी. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात साग, ऐन, फणस, आंबा, खैर ही झाडं खासगी जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. त्यापेक्षा जुनं लाकूड बरं. आमच्याकडे सध्या गावोगाव जुनी मातीची घरं पाडून स्लॅबची घरं चालली आहेत. कौलाखालचे वासे, तुळया, चौकटी अंगणात रचून ठेवलेल्या असतात आणि पुष्कळदा चुलीत जातात. हे बघून जीव तुटतो. दोन-तीन पिढ्या ज्या लाकडाने प्रत्येक पावसाळा बघितला, त्यापेक्षा सुकलेलं आणि स्थिरावलेलं लाकूड कुठून आणणार?

कुडाळजवळच्या एका गावात घर पाडण्याचं काम चालू होतं. तिथले वयस्कर मेस्त्री माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांना मी सांगितलं, की सरळ रेघेची, गाठ नसलेली, तीन फुटांच्या वर लांबीची तुळई हवी. त्यांनी विचारलं, “कित्याक गो बाय?” गिटारसाठी म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिले, मग ढिगातल्या एका तुळईला हात लावून म्हणाले, “माका गाण्यातला काय कळणा नाय. पण ह्या वाकूचा नाय.”

ती तुळई वरून काळी कुळकुळीत होती. चुलीचा धूर, कोळ्याची जाळी, चुन्याचे शिंतोडे, आणि मधोमध चौकोनी डोक्याचे जुने खिळे. मेस्त्रींनी एक टोक करवतीने इंचभर कापलं आणि कापलेल्या जागेवर रंधा मारला. आतून सोनेरी तपकिरी, तेलकट, आणि कातड्यासारखा तो सागाचा वास. पाण्याचं बोट फिरवल्यावर वर्तुळं स्पष्ट दिसली, इतकी दाट की नखाच्या रुंदीत मोजताना चुकायला होत होतं. पण गाभा तुळईच्या मध्यातून गेलेला होता. अख्खी तुळई घेऊन नेक कोरला असता तर गाभ्यापासून चिरा पडल्या असत्या. म्हणून गाभा सोडून दोन्ही बाजूंच्या फळ्या घ्यायच्या, आणि अशा फिरवायच्या की नेकच्या कापलेल्या टोकाला वर्तुळांच्या रेघा उभ्या दिसतील. अशाने फुगणं-आकसणं जाडीच्या दिशेला जास्त आणि रुंदीला कमी होतं, पीळ पडायची शक्यताही घटते. मेस्त्रींना हे सगळं माझ्यापेक्षा आधी ठाऊक होतं. जुन्या दारांच्या फळ्या ते याच हिशेबाने लावत आले आहेत.

खिळ्यांची काळजी कारागिराने घेतली. लोखंड शोधणारं छोटं यंत्र त्याने तुळईवरून इंच इंच फिरवलं, सापडलेले खिळे पटाशीने खणून काढले. एक तुटका खिळा आत राहिला तर बँडसॉचं, म्हणजे यंत्रकरवतीचं, पातं जातं. खिळ्याच्या भोवती साग काळानिळा पडतो, तेवढा भाग टाकून द्यावा लागला.

फ्रेटबोर्डसाठी, म्हणजे नेकवर बोटांखाली येणाऱ्या फळीसाठी, पहिला विचार अर्थातच शिसवी. परदेशात रोझवूड म्हणून ज्याची ख्याती आहे त्यातलं एक आपल्या पश्चिम घाटातलं शिसवी. २०१७ च्या जानेवारीपासून या वंशातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात कंपन्या पर्याय शोधत होत्या, आणि फेंडरच्याच स्क्वायर ब्रँडच्या बऱ्याच गिटारींवर ‘इंडियन लॉरेल’ नावाचा फ्रेटबोर्ड दिसायला लागला. हे लॉरेल म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, आमच्या रानात जागोजाग उभा असलेला ऐन! इथे तो घराच्या वाशांना आणि जळणाला वापरतात. कठीणपणात तो शिसवीच्या अगदी जवळ, वजनाला थोडा जास्तच. मला तर ऐनाच्या करड्या-तपकिरी गाभ्यातल्या काळ्या रेघा शिसवीपेक्षा देखण्या वाटतात. त्याच पाडलेल्या घराची ऐनाची चौकट मिळाली. ऐनाची छिद्रं मोठी, रंधा उलट फिरवला की रेघ उपटली जाते. म्हणून शेवटची जाडी पॉलिश पेपरवर आणली आणि छिद्रं ऐनाच्याच भुशाने भरली.

शिसवी पूर्णपणे सोडली नाही. नेक एकाच तुकड्याचा न करता सागाच्या तीन पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये शिसवीच्या दोन अरुंद पट्ट्या, असा पाच तुकड्यांचा केला. शिसवी आमच्याच घरातल्या मोडलेल्या पलंगाच्या पायाची. पट्ट्या चिकटवताना शेजारच्या तुकड्यांच्या रेघा उलटसुलट ठेवल्या, म्हणजे एक तुकडा एकीकडे ओढायला लागला तर दुसरा त्याला धरून ठेवतो. सागात आणि शिसवीत तेल असतं, साधा गोंद नीट धरत नाही. चिकटवायच्या आधी ताजा रंधा मारून, ॲसिटोनने पुसून, लगेच इपॉक्सी लावलं. आत दोन्ही दिशांना काम करणारा ट्रस रॉड आहे, कारण कोकणात नेक कुठल्याही बाजूला झुकू शकतो.

बॉडीचा शोध जास्त रंगला, कारण इथे निवड मोकळी होती. आंबा स्वस्त आणि ढीगभर मिळतो, काही फळ्यांत सुंदर काळ्या नक्षी असतात. पण आंब्याला भुंगा फार लवकर लागतो, मला ती चिंता नको होती. खैर घेऊन बघितला, हातात धरताच ठेवून दिला. घनमीटरला हजार किलोच्या आसपास वजन, कार्यक्रम संपेपर्यंत खांद्याचं काय होईल! सावंतवाडीच्या चितारआळीत खेळण्यांसाठी पांगारा वापरत आले आहेत. हलका आणि कोरायला सोपा, पण इतका मऊ की ब्रिजचे (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचे) स्क्रू धरणार नाही. नारळाच्या खोडाचा एक ठोकळाही कुणीतरी हौसेने आणून दिला. त्याची बाहेरची कड दगडासारखी आणि आतला भाग भुसभुशीत, अख्ख्या बॉडीला एकसारखं लाकूड त्यात मिळत नाही. हेदू मात्र मनात भरला होता. पिवळा, बारीक दाण्याचा, रंध्याखाली गुळगुळीत. पण पुरेशी सुकलेली आणि हव्या त्या रुंदीची फळी कुठल्याच वखारीत मिळाली नाही.

उरले साग, फणस आणि शिवण. इथे कारागिराने कागदावर हिशेब मांडला. बेसच्या बॉडीचं लाकूड साधारण पाच लिटर भरतं. साग घनमीटरला साडेसहाशे किलोच्या घरात, म्हणजे नुसती बॉडी सव्वातीन किलो. शिवण पाचशेच्या आत, म्हणजे अडीच किलोच्या जवळपास, जे आल्डरच्या बॉडीचंही वजन आहे. फणस या दोघांच्या मध्ये. खांद्यावर तीन-तीन तास वाद्य घेणाऱ्या माणसाला पाऊण किलो म्हणजे फार मोठा फरक आहे. मात्र बॉडी हलकी करत नेली आणि नेक जड राहिला तर पट्ट्यावर सोडताच हेडस्टॉक, म्हणजे नेकचं खुंट्यांचं टोक, जमिनीकडे झुकतो आणि डावा हात सतत तो पेलत राहतो. आमचा नेक सागाचा असल्याने मेपलपेक्षा किंचित हलका, वर शिसवी आणि ऐन आल्याने ती बचत गेली. म्हणून हलक्या खुंट्या घेतल्या आणि बॉडीचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत लांब ठेवलं, पट्टा तिथे अडकला की तोल सावरतो.

शिवण निवडण्यामागे वजनाइतकंच तिचं स्थिर राहणं होतं. हलकं असूनही सुकल्यावर फारसं न हलणारं, न तडकणारं लाकूड म्हणून सुतार मंडळी तिला मानतात. रंग फिकट, पिवळसर पांढरा, रेघ साधी. दिसायला थोडी सपक, हे मान्य करायला हवं. म्हणून वर पाच-सहा मिलिमीटर फणसाचा थर द्यायचं ठरलं.

तो फणस मिळाला तेव्हा फार आनंद झाला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या भागात कितीतरी आंबे-फणस मुळासकट आडवे झाले. ओळखीच्या एका काकांनी पडलेल्या फणसाच्या फळ्या काढून, मध्ये पट्ट्या घालून, गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. देव्हारा करायचा म्हणून. त्यातली एक त्यांनी मला दिली. “देवाचं आणि गाण्याचं काय वेगळं गो,” म्हणाले, पैसे घ्यायला तयार होईनात. ती फळी मधोमध उभी चिरून पुस्तकासारखी उघडली तेव्हा दोन्ही बाजूंना एकच रेघ समोरासमोर आली, हळदीसारखी पिवळीधमक. फणसाचा हा पिवळा टिकत नाही. उजेड लागेल तसा तो तांबूस, मग गडद तपकिरी होतो. घरातल्या जुन्या फणसाच्या खांबांचा जो रंग आहे तिथपर्यंत तो जाणार हे आम्ही धरूनच चाललो आणि रंग लावायचा विचार सोडला.

सगळी लाकडं आणून झाल्यावर लगेच कापायला घेतली नाहीत. ढोबळ आकाराला कापून कारागिराच्या खोलीत रचली, प्रत्येकीवर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहिलं, आणि दर आठवड्याला किराणा दुकानात असतो तसल्या काट्यावर पुन्हा वजन. वजन घटायचं थांबलं म्हणजे लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. सुया खुपसायचं ओलावामापक यंत्रही होतं, पण ते वेगवेगळ्या जातीच्या लाकडाला वेगवेगळा आकडा दाखवतं. एका तुकड्याची खात्री करायला आम्ही भट्टीची पद्धत वापरली. छोटा तुकडा तोलायचा, १०३ अंशांवर वजन बदलेनासं होईपर्यंत सुकवायचा, पुन्हा तोलायचा. घटलेल्या वजनाला सुकलेल्या वजनाने भागलं की पाण्याचे टक्के हातात. जुना साग १२ च्या आसपास निघाला. कोकणातल्या वर्षभराच्या चढउताराच्या मधोमध! फणस अजून १६ वर होता, त्याला थांबवून ठेवलं आणि नेकचं काम आधी केलं.

या दिवसांत लाकूड वाजवून बघण्याचा खेळही खूप झाला. फळी एका कोपऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची आणि बोटाच्या पेराने ठोकायची. सागाची पट्टी खणखणीत बोलते, ओला फणस बद्द. या ठोक्यातून मला कळलं ते एवढंच, की लाकूड सुकलं आहे का आणि आत चीर आहे का. पूर्ण बेसचा आवाज त्यावरून सांगता येतो असा दावा मी करणार नाही.

शेवटच्या लेपाबद्दल आमच्यात मतभेद झाले. गावात काहींनी काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं. होड्यांना ते लावतात, लाकूड टिकतं यात शंका नाही, पण त्याने कातडीला फोड येतात आणि नेकवर तर दिवसभर हात फिरणार. कारागिराला जाड पॉलियुरेथेन हवं होतं, म्हणजे ओलावा आत-बाहेर व्हायचा वेग मंदावतो. मला नेकवर लाकडाचा स्पर्श हवा होता. बॉडीला पॉलियुरेथेन आणि नेकला पातळ तेलाचे हात, असं ठरलं. हेडस्टॉकच्या टोकाला, जिथे रेघा उघड्या पडतात आणि पाणी सर्वांत वेगाने आत जातं, तिथे मात्र त्याचंच ऐकून जाड लेप दिला.

बेस चार किलोच्या थोडा वर भरला. पट्ट्यावर सोडला तर जवळजवळ आडवा राहतो. पहिला पावसाळा झाला. ट्रस रॉड जुलैमध्ये चिमूटभर फिरवावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये परत, पण पीळ नाही आणि फ्रेटची टोकंही बाहेर आली नाहीत. जीच्या तारेवर सहाव्या फ्रेटचा स्वर शेजारच्यांपेक्षा थोडा लवकर विरतो. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की ती जागा एका फ्रेटने सरकते, म्हणजे दोष पिकअपचा नाही, नेकचाच. पुढच्या वाद्यात नेक किंचित जाड ठेवून बघणार आहोत. ऐनाची अर्धी चौकट अजून शिल्लक आहे, तिच्यातून फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसचा फ्रेटबोर्ड निघेल. नेकच्या मधल्या पट्टीसाठी बिवळ्याचा एक तुकडा मेस्त्रींनी राखून ठेवला आहे, त्याचं पहिलं वजन परवाच लिहून आले.